दुसऱ्याचं पासबुक

आपल्याकडे माणसाची विचारपूस करण्याचे काही ठरावीक प्रश्न आहेत, आणि ते वयाप्रमाणे बदलत जातात. लहानपणी ‘कितवा नंबर आला?’, मग ‘किती टक्के पडले?’, मग ‘कुठे लागला?’, मग ‘पॅकेज किती?’, त्यानंतर ‘फ्लॅट केवढ्याचा?’ आणि उतारवयात ‘मुलं कुठे असतात?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असतं असं नव्हे. पण या प्रश्नांची उत्तरं नुसती ऐकली जात नाहीत, ती मनातल्या मनात दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तराशेजारी मांडली जातात. बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच थांबवलं, पण घरोघरच्या याद्या चालूच आहेत. साडूची यादी, बॅचमेटची यादी, सोसायटीतल्या ए विंगची यादी. त्यांत आपला क्रमांक कितवा हे पाहिल्याशिवाय अनेकांना रात्री झोप लागत नाही, आणि पाहिल्यावर तर मुळीच लागत नाही.

मी तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली. त्या नोकरीने मला पुष्कळ गोष्टी दिल्या, त्यांत कादंबऱ्यांना पुरून उरतील इतकी माणसं दिली. आणि एक विचित्र सवलत दिली. इतरांना जे पाहता येत नाही ते, म्हणजे दुसऱ्याचं खातं, मला रोज पाहता येत असे. बँकेत रुजू होताना कर्मचाऱ्याला गोपनीयतेची प्रतिज्ञा करावी लागते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत १९७० च्या कायद्यातच हे बंधन घातलेलं आहे. एका ग्राहकाच्या खात्यात काय आहे हे दुसऱ्या ग्राहकाला सांगायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. या नियमामागे व्यवहाराचं शहाणपण आहे हे उघडच आहे. पण मला पुढे पुढे असं वाटू लागलं की त्यात माणसाच्या सुखाचंही काही शहाणपण असावं. कारण लोक ज्या गोष्टीवरून एकमेकांचा हेवा करत, ती गोष्ट बहुधा खात्यात नसेच.

गावाच्या तोंडाशी एखादा दुमजली बंगला उभा राही. येणारा-जाणारा मान वर करून पाही. बंगला सगळ्यांना दिसे, तो तारण आहे हे फक्त आम्हाला दिसे. हप्ते थकलेले, नोटीस गेलेली, मालक दुपारच्या वेळी मागच्या दाराने येऊन मुदत मागणारा. उलट, धोतराला ठिगळ लावलेला एखादा म्हातारा वर्षातून एकदा येऊन मुदतठेवीच्या पावत्यांचं नूतनीकरण करून जाई आणि परत जाताना एसटीच्या थांब्यावर उन्हात उभा राही. त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नसे. मी काही श्रीमंत सगळे दुःखी आणि गरीब सगळे सुखी असं भाबडं विधान करत नाही. गरिबीत सुख नसतं, हे कर्जमागणीचे अर्ज वाचणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला एवढंच म्हणायचं आहे की तुलना करणारा माणूस नेहमी अर्ध्याच हिशेबावर निकाल देतो. जमेची बाजू दुसऱ्याची पाहतो आणि नावेची बाजू स्वतःची.

शेतीकर्जाच्या टेबलावर हे फार ठळकपणे दिसे. एका वस्तीवर एकाने ट्रॅक्टर घेतला की महिन्या-दोन महिन्यांत त्याच वस्तीवरून आणखी अर्ज येत. पहिल्याची जमीन पुष्कळ, ओलिताची, दोन भाऊ राबणारे, ट्रॅक्टरला बाहेरची भाड्याची कामं मिळवण्याची धमक असलेले. दुसऱ्याची चार एकर, निम्मी जिरायत. ट्रॅक्टरचा हप्ता सुटायला त्याला वर्षात किती तास काम मिळायला हवं, याचं गणित अर्जातच मांडावं लागे. ते जुळत नसे. मी समजावून सांगितलं की माणूस ऐकून घेई आणि शेवटी एकच वाक्य बोले, ‘सायेब, त्याच्या दारात हाय, माझ्या दारात न्हाई.’ या वाक्याला बँकेच्या नियमावलीत उत्तर नव्हतं. काहीजण मग सात-बाऱ्यावर दुसरीकडचा बोजा चढवून ट्रॅक्टर आणत. दोन-तीन हंगामांनी ट्रॅक्टर दारातून जाई, बोजा मात्र उताऱ्यावर राही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नव्हे. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. आपली कुवत, आपली मतं बरोबर की चूक हे मोजायला बाहेरचा पक्का गज नसला, की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, आणि तेही कुणाशीही नव्हे, तर आपल्यासारख्याच माणसाशी, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणूनच कुणी टाटा-बिर्लांचा हेवा करत नाही, शेजारच्या ब्लॉकमधल्या जोश्यांचा करतो. १९९५ मध्ये मेडवेक, मेडी आणि गिलोविच या संशोधकांनी आणखी एक मजेदार गोष्ट दाखवली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांचे चेहरे त्यांनी चित्रफितीवरून लोकांना दाखवले आणि कोण किती आनंदी दिसतं ते विचारलं. रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले अधिक आनंदी दिसत होते! रुपेरी पदक मिळालेला सोनेरी पदकाकडे पाहत होता, आणि तिसरा आलेला ‘पदक तरी मिळालं’ म्हणून हसत होता. पदक वरचं, आनंद खालचा. तुलनेचा गज हा असा वाकडा असतो.

पण मला याचा सगळ्यांत खोल विचार सापडतो तो महाभारतात, सभापर्वात. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात निरनिराळी कामं निरनिराळ्या माणसांकडे सोपवलेली होती. देशोदेशीच्या राजांनी आणलेले नजराणे स्वीकारण्याचं काम दुर्योधनाकडे होतं. म्हणजे आमच्या भाषेत तो रिसिव्हिंग कॅशियर! धन घेता घेता हात थकून गेले, असं तो नंतर स्वतःच बापाला सांगतो. धृतराष्ट्र त्याला विचारतो की तुला काय कमी आहे? वस्त्रं उत्तम, अन्न उत्तम, घोडे उत्तम, मग तू असा फिका का पडलास? आंधळ्या बापाला जे दिसलं ते डोळस मुलाला दिसलं नाही. दुर्योधनाकडे आदल्या दिवशी जे होतं ते दुसऱ्या दिवशीही तेवढंच होतं. त्यातलं एक कवडीही कमी झालेलं नव्हतं. तरी तो कंगाल झाला, आणि त्या कंगालपणातून द्यूताचा पट मांडला गेला. पुढचं आपण जाणतोच.

माझ्या हाताखाली काम केलेले कॅशियर रोज दुसऱ्यांचे लाखो रुपये मोजत. त्यांचा स्वतःचा पगार त्या गड्ड्यांपुढे अगदीच किरकोळ. पण त्यांच्यापैकी कुणी नोटा मोजताना जळत बसलेला मी पाहिला नाही. कारण संध्याकाळी त्यांना एकच गोष्ट करायची असे, आपली रोख जुळवायची. शेजारच्या काउंटरवर आठ लाखांची उलाढाल झाली आणि आपल्याकडे साठ हजारांची, याने काही बिघडत नसे. आठ लाखवाल्याचे दहा रुपये कमी पडले तर तो रात्रीपर्यंत व्हाउचरं तपासत बसे आणि साठ हजारवाला सही करून घरी जाई. दिवसभरात आपल्या हाती जे सोपवलं गेलं त्याचा हिशेब आपल्याला लागला की नाही, एवढाच तिथे प्रश्न. ईश्वरावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन. कोणत्या काउंटरवर बसायचं हे ठरवणारा कुणी वेगळा आहे, आणि तो आपल्याला दुसऱ्याच्या रोखीचा जाब विचारणार नाही, हा तो विश्वास.

आता भागवतातला ध्रुव घ्या. चौथ्या स्कंधातली ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिची सुरुवात तुलनेतून होते आणि शेवट कुठे होतो, याकडे आपलं लक्ष जात नाही. उत्तम बापाच्या मांडीवर बसला आहे आणि मला सावत्र आईने उठवलं, या जळजळीतून पोर रानात गेलं. देव भेटला, अढळपद मिळालं. पण परत येताना ध्रुवाला पश्चात्ताप झाला, असं भागवत सांगतं. ज्याच्याकडे मोक्ष मागता आला असता त्याच्याकडे आपण एक जागा मागितली, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि ज्याच्या मांडीवरच्या जागेचा हेवा केला त्या उत्तमाचं काय झालं? तो शिकारीला गेला असता हिमालयात एका यक्षाच्या हातून मारला गेला. पाच वर्षांच्या ध्रुवाला फक्त मांडी दिसत होती. तिच्या पुढचं पान त्याला कसं दिसणार?

कादंबरी लिहिणाऱ्याला या गोष्टीचं नवल वाटत नाही. तिसऱ्या प्रकरणात एका पात्राला नोकरी लागते आणि दुसऱ्याची सुटते, तेव्हा वाचक हळहळतो. लेखकाला ठाऊक असतं की त्या नोकरी सुटण्यातून सतराव्या प्रकरणात काय निघणार आहे. जग चालवणारा माझ्यापेक्षा बरा कादंबरीकार असावा अशी माझी श्रद्धा आहे. आपलं पाचवं प्रकरण दुसऱ्याच्या विसाव्या प्रकरणाशेजारी ठेवून ‘माझंच असं का?’ म्हणणं, हे वाचनाची पद्धत म्हणूनही चूक आहे.

आपल्या संतमंडळींनी हा विश्वास हातातल्या कामाशी बांधून टाकला. अरणचे सावता माळी आपला मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात आणि सावतोबांच्या भेटीला मात्र विठ्ठलाची पालखी अरणला जाते. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला, म्हणजे सातशेहून अधिक वर्षं झाली. त्यांच्या काळात त्यांच्याहून विद्वान माणसं होती, त्यांच्याहून अधिक तीर्थं हिंडलेली माणसं होती. पण सावतोबांनी भाजीचा वाफा सोडून दुसऱ्याच्या पायवाटेवर पाऊल टाकलं नाही. गोरोबा मडकी घडवत राहिले, सेना महाराज न्हावीकाम करत राहिले, नरहरी सोनारकाम करत राहिले. कुणी कुणासारखं व्हायला गेलं नाही, म्हणून तर त्या मेळ्यात प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येतो.

इथे माझा वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावंच. ‘ही तर जुनी युक्ती झाली. ज्याच्या ताटात कमी वाढलं आहे त्याला देवाची इच्छा सांगून गप्प करायचं!’ हा आक्षेप खरा आहे. समाधानाचा उपदेश आपल्याकडे बहुधा वरून खाली गेला आहे, खालून वर कधी गेलेला नाही. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. मंगळवेढ्याला १३३८ मध्ये भिंतीच्या कामावर असताना ती कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. ही देवाची योजना होती असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. ती माणसांची योजना होती. साने गुरुजींना तो फरक कळला होता. त्यांच्याइतका श्रद्धाळू माणूस शोधून सापडणं कठीण, पण ‘विठ्ठलाच्या मनात असेल तेव्हा दार उघडेल’ म्हणून ते बसून राहिले नाहीत. १९४७ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दहा दिवस त्यांनी पंढरपुरात उपोषण केलं आणि ते दार हरिजनांसाठी उघडायला लावलं. त्यांनी कुणाचा हेवा केला नाही, आणि अन्यायाला देवाचं नावही दिलं नाही.

मला वाटतं, हाच निकष धरावा. ‘त्याला आहे ते मला का नाही?’ हा एक प्रश्न, आणि ‘माझ्या हक्काचं माझ्यापासून कुणी अडवलं?’ हा दुसरा. पहिला माणसाला आतून कुरतडतो, दुसरा त्याला उभा करतो. पहिल्यात शेजाऱ्याचं ताट रिकामं झालं तरी समाधान वाटतं, दुसऱ्यात आपलं ताट भरल्याखेरीज वाटत नाही. देवावरच्या विश्वासाने पहिला प्रश्न सोडवायचा असतो. दुसरा सोडवायला आपले हातपाय दिले आहेत.

उपदेश कुणी करावा, याबद्दल मला घरातच धडा मिळाला. आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि अभ्यासात माझ्याहून कितीतरी हुशार. वडील गेले तेव्हा तो मॅट्रिक झालेला होता. कॉलेजचा विचार बाजूला ठेवून त्याने औत धरलं. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा तो पाझर तलावाच्या कामावर दगड फोडायला गेला, आणि कामावर मिळणारी सुकडी आमच्यासाठी घरी घेऊन आला. त्याच्या पैशावर मी शिकलो, बँकेत लागलो, अधिकारी झालो. पाव्हणे येत, ओसरीवर बसत आणि त्याच्यासमोरच म्हणत, ‘धाकल्यानं नशीब काढलं.’ दादा त्यांच्यासाठी चहा सांगे.

दादाला मी कधीही ‘समाधानी राहा’ असं म्हणालो नाही. म्हणण्याचा मला अधिकारच नव्हता. पण निवृत्त झाल्यावर एकदा, आम्ही दोघे बांधावर बसलो असताना, मी त्याला विचारलं, ‘दादा, तुला कधी वाईट वाटलं नाही का रे?’

‘वाटलं की,’ तो लगेच म्हणाला. ‘पयली पाच-सा वर्सं रोजच वाटायचं. तुझं पत्र आलं की दोन दिस औताला हात लावू वाटायचा न्हाई.’

‘मग?’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘तुझ्यासंगं बरोबरी करायची म्हंजी तुझं समदंच घ्यावं लागंल. नुस्ता पगार घिऊन कसं चालंल? बदल्या बी घ्याव्या लागतील. आई गेली तवा तू न्हवतास, त्ये बी घ्यावं लागंल. माझ्या मांडीवर गेली ती. त्ये मी कुनाला दिऊ?’

आई गेली तेव्हा मी आसामात होतो. तार हाती पडून घरी पोहोचायला मला तीन दिवस लागले. दादाने ही गोष्ट मला टोचण्यासाठी काढली नव्हती. त्याने दोन्ही खाती शेजारी ठेवून, जमा आणि नावे दोन्ही बाजू मांडून, आपल्यापुरता हिशेब पुरा केला होता, आणि त्यातून त्याला निघालेली शिल्लक तो मला सांगत होता. तो दर आषाढीला वारीला जातो. पण वारीतलं त्याला जे काही मिळालं, ते तो प्रवचनासारखं बोलत नाही. ‘तिच्या उशाला कुनीतरी पायजे हुतं. मला ठिवलं,’ एवढंच तो म्हणाला.

‘मला ठेवलं’ या शब्दांवर मी नंतर पुष्कळ दिवस विचार केला. तुकोबांचा समाधानाबद्दलचा एक अभंग आपल्याकडे प्रत्येकाच्या तोंडी आहे, तो इथे लिहिण्याची गरज नाही. गरजेपेक्षा जास्त वेळा, आणि बहुधा दुसऱ्याला गप्प करायला, तो म्हटला जातो. पण तो लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य आपण डोळ्यांपुढे ठेवत नाही. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. सावकारीचं घर होतं, लोकांकडे येणं होतं. परंपरा सांगते, त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाला, कान्होबाला, दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. मी आयुष्यभर कर्जखतं सांभाळलेला माणूस. निर्लेखित केलेल्या कर्जाचीही फाइल आम्ही फेकत नाही, वसुलीची आशा सुटत नाही. त्यामुळे त्या कृतीचं मोल मला जरा जास्त कळतं असं वाटतं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. आपलं वैराग्य त्यांनी दुसऱ्यावर लादलं नाही. भावाने येणं वसूल करावं, आपण करणार नाही. दोन भाऊ, दोन वाटा, आणि तुलना नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असं एक न दिसणारं दप्तर असतं. जगाकडून आपलं काय काय येणं आहे, त्याच्या नोंदी. अमक्याला मिळालेली बढती, तमक्याच्या मुलाला मिळालेली अमेरिका, धाकट्या जावेला मिळालेला पाटल्यांचा जोड. ही येणी कुठल्याही कोर्टात वसूल होत नाहीत, कारण ती आपली कधी नव्हतीच. त्यांच्यावरचं व्याज मात्र आपणच भरत राहतो, आणि ते चक्रवाढ असतं.

ते दप्तर बुडवायला इंद्रायणीच हवी असं नाही. एखादी संध्याकाळ पुरते, स्वतःची रोख मोजायला बसण्याइतकी.